सेहेचाळिसावा आठवडा

रैमोला आकडा हवाय बुधवारपर्यंत.
नोव्हेंबरात किती लोक येतील त्याच्या साइटवर,
म्हणजे किती जाहिराती घ्यायच्या, कुठल्या तासाला,
म्हणजे कायानीच्या कारखान्यात
किती दगडी शेगड्या घडवून ठेवायच्या.
आकडा काढायचं काम माझं.
ओउलूत, तिसऱ्या मजल्यावर,
दुपारी तीनला दिवा लावून
मी माणसं येण्याआधी माणसं मोजते.

वर्दळ तशी शहाणी असते.
रविवारी रात्री नऊला फुगते,
शनिवारी सौनाच्या वेळी मरून पडते,
पगाराच्या दुसऱ्या दिवशी किमतींपाशी रेंगाळते.
पहिलं दंव पडलं की दोन दिवस कोणी हलत नाही.
तिसऱ्या दिवशी कोणीतरी कोणाला तरी म्हणतं,
यंदा तरी घेऊया,
आणि रेषा चढायला लागते.
एवढं मला पाठ आहे.
सानेल्मा म्हणते, तू हवामानखात्यात जायला हवं होतंस.
ते ढगांचे आडाखे बांधतात, मी म्हणते,
मी गार पायांचे.

पण गेल्या साली सेहेचाळिसाव्या आठवड्यात
एक सुळका आहे.
मंगळवारची रात्र, नेहमीच्या सातपट.
मॉडेल बिचारं भाबडं,
एकदा घडलं ते दरवर्षी घडणार असं धरून चालतं.
यंदाही तिथे सुळका काढून बसलंय,
मूल घराच्या चित्रात
न चुकता धुराडं काढतं तसा.
रैमो फोनवर खूश.
"मग सगळा पैसा त्याच रात्री लावू!"

थांब, म्हटलं. बघते.

इथे वादळांना पंचांगातलं नाव देतात,
ज्या दिवशी येईल त्या दिवसाचं.
ते होतं तेल्लेर्वो.
तारांवर झाडं आडवी, तीन दिवस अंधार,
फक्त टॉवर काही तास बॅटरीवर तग धरून.
सातपट माणसं, सगळी फोनवरून.
खरेदी शून्य.
किमतीचं पान एकानेही उघडलं नाही.
सगळी पहिल्याच पानावर, जिथे रैमोच्या भाच्याने
सहज म्हणून टाकलेला एक व्हिडिओ आहे:
शेगडीत बर्चचं लाकूड जळतंय,
आवाजासकट.
दुसरं काही नाही.

एरवी लोक चाळीस सेकंद थांबतात.
त्या रात्री सरासरी नऊ मिनिटं.

गिऱ्हाइकं नव्हती ती, रैमो.
शेकायला आली होती.

नोंदीत नावं नसतात.
गाव असतं, फोनची जात असते.
पुओलांकाहून एक फोन, अकरा वेळा,
शेवटचा दोन वाजून चौदा मिनिटांनी. मग काही नाही.
पुओलांकात आई राहते, विजेच्या हीटरवर.
तसला फोन मीच तिला घेऊन दिलाय;
तसले त्या गावात आणखी असतीलच.
वादळानंतर ती म्हणाली होती,
काही नाही गं, झोपले होते मी मस्त.
मी तेव्हा विचारलं नाही.
आताही नाही विचारणार.

बुधवारी आकडा पाठवला:
एकोणचाळीस हजार चारशे, थोडं इकडे तिकडे.
सुळका छाटला.
जाहिराती दंवानंतरच्या तिसऱ्या दिवसापासून.
आणि खाली, जिथे सहसा कोणी वाचत नाही तिथे:
वादळाचा इशारा आला तर त्या रात्री जाहिराती बंद ठेवाव्यात.
व्हिडिओ हलका करावा,
पाच टक्के बॅटरीवरही चालेल इतका.

रैमोचं उत्तर: यात आपला फायदा काय?

मी लांबलचक लिहिलं, पुसलं,
पुन्हा लिहिलं, पुसलं, कॉफी आणायला गेले.
परत येते तो त्याचाच दुसरा निरोप:

भाच्याला सांगितलंय.
लाकूड कुठलं लावू या वेळी?
स्प्रूस जास्त तडतडतं.